ढगातली काजळी

सकाळी डोंगरमाथा उघडा होता. खालचं खोरं मात्र ढगानं काठोकाठ भरलेलं. वर आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख, खाली दही लागल्यासारखं पांढरं, आणि मधे हे एवढंसं केंद्र: चार खोल्या, एक गच्ची आणि गच्चीवर नळ्या, पंखे, डबे यांचं जंगल. वारा जेमतेम होता, पण त्यात असा ओला गारठा होता की लोखंडी कठड्याला बोट टेकवलं तर ते परत मागून घ्यावं लागे. ढग वर सरकत होता, घाई नाही, गडबड नाही, जेवायला बोलावलेल्या पाहुण्यासारखा. दुपारच्या आत तो माथा गिळणार, हे नवख्यानंही सांगितलं असतं.

याच ढगाची सगळे वाट बघत होते. हंगाम सरत आला, पण मनासारखा ढग आला नव्हता. कधी आला तो पाऊस घेऊन, कधी वाऱ्यावर बसून असा की नळ्या उपटायची पाळी. केंद्राचं कामच असं, की ढग अंगावर घ्यायचा आणि घरात बोलावून मोजायचा. हवेत डोळ्यांना न दिसणारे कण असतात, धुळीचे, मिठाचे, धुराचे. त्यांना धरून वाफेचा थेंब होतो आणि थेंबांचा ढग. कुठल्या कणावर थेंब बसतो आणि कुठला कण कोरडाठाक राहतो हे समजलं, तर पुढं पाऊस कसा वागेल याचा थोडाफार अंदाज बांधता येतो. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

गच्चीवर नळीचं तोंड फडक्यानं पुसत उभी होती ती नाकवाली. केंद्रावर तिला ताई म्हणत, खालच्या वस्तीत मात्र नाकवाली. नाक चारचौघींसारखंच होतं तिचं. नाव पडलं ते यंत्रामुळं, आणि ते पाडलं सख्ख्या सासऱ्यानं.

त्याचं असं झालं. या माथ्यावर धूर चालत नाही. फाटकापाशी काड्यापेट्या, लायटर काढून ठेवायचे. स्वयंपाक विजेच्या शेगडीवर, तोही उकडलेला. तळण बंद, परतणं बंद. ढग आत असताना जनरेटरला हात लावायचा नाही. एवढं करूनही काजळी मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर रेघ टुणकन वर उडाली, तर समजायचं की जवळपास कुणीतरी घाण केली, आणि ती मिनिटं 'दूषित' म्हणून खोडून टाकायची. सासरे तेव्हा इथं पहारेकरी होते. सून कॉलेज अर्धं सोडून घरात आलेली, हुशार आणि दिवसभर भांड्यांशी बोलणारी. केंद्रात बाटल्या धुवायला माणूस हवं होतं, तर त्यांनीच तिचं नाव सुचवलं. बाटल्यांवरून ती फिल्टरवर गेली आणि फिल्टरवरून यंत्रावर. यंत्रावरच्या पहिल्याच हिवाळ्यात रेघ उडाली. ही बाहेर जाऊन बघते, तर पाण्याच्या टाकीमागं उकिडवे बसून सासरेबुवा सिगारेट ओढतायत. दुसरी एखादी पदर सावरून माघारी फिरली असती. ही आत गेली आणि साहेबांना कारण सांगून मोकळी झाली.

पहारेकऱ्याला सगळ्यांसमोर झापलं. घरी त्या आठवड्यात भांडीसुद्धा आवाज न करता घासली गेली. सासूबाई तेव्हा होत्या. त्या म्हणाल्या, "सासऱ्याची चुगली घरात करणाऱ्या सुना पाहिल्यात मी. सरकारात करणारी पहिलीच." आणि मग एके दिवशी न्हाव्याच्या खुर्चीत बसून सासरे स्वतःच सांगायला लागले, "माझ्या सुनेचं नाक म्हणजे काय समजता? ढगातून सिगारेटचा छाप ओळखेल." तेव्हापासून नाकवाली.

आता ते निवृत्त होते. वर्षापूर्वी छातीत कळ आली, रक्तवाहिनीत स्प्रिंग बसवली, आणि इस्पितळातल्या डॉक्टरांनी बजावलं, की डोंगर आता लांबून बघायचा.

ढग आला तेव्हा नाकवाली खाली यंत्रापाशी येऊन बसली होती. खिडकीतला कठडा आधी पुसट झाला, मग नुसता अंदाजानं दिसला, मग गेलाच. खोलीत डॉक्टर होत्या. उंच, हडकुळ्या, ढगांच्या डॉक्टर. पहिल्या वर्षी वस्तीतले लोक त्यांच्याकडं खोकला आणि खरूज घेऊन यायचे, आणि बाई बिचारी तापाची गोळी देऊन नमस्कार करायची.

"आला," डॉक्टर हळूच म्हणाल्या. शेजारी बाळ निजल्यासारखं.

"आला," नाकवालीही तितक्याच हळू.

तिच्या चष्म्याची एक काडी तुटलेली होती. चिकटपट्टीनं बांधलेला चष्मा नाकावरून घसरे आणि ती तो भुवयांनीच वर ढकले. पडद्यावरचे आकडे देखणे होते. काजळीची रेघ तळाशी झोपलेली, हवा स्वच्छ, थेंब एकसारखे. असं बराच वेळ चाललं. डॉक्टरांनी श्वाससुद्धा बेतानं घेतला असावा.

आणि रेघ उडाली. सुईसारखी बारीक, सरळ वर, आणि लगेच खाली.

नाकवालीच्या तोंडून शिवी निसटता निसटता राहिली. ती उठली ती थेट स्वयंपाकघरात.

"काय जाळलंत?"

आचारी बटाटे सोलत होता. त्यानं सुरीसुद्धा खाली ठेवली नाही. "जीव."

"चेष्टा नकोय. रेघ उडालीय."

"ताई, शेगडी विजेची, भाजी उकडायची, काड्यापेटी फाटकावर. इथं जळण्यासारखा मी एकटाच उरलोय, तोही दमट झालोय."

"परवा टोस्ट करपला तेव्हाही हेच म्हणाला होतात."

"करपला नव्हता तो. खरपूस होता."

ती तणतणत परत आली आणि तेवढी मिनिटं खोडली. कारणाच्या रकान्यात 'स्वयंपाकघर' टाकलं. वाऱ्याची दिशा दाखवणारा काटा शेजारच्याच पडद्यावर होता. तिनं तिकडं पाहिलं नाही. कशाला पाहील? इतकी वर्षं रेघ उडाली की हात आपसूक खोडायलाच जात होता, आणि दहातल्या नऊ वेळा आचारीच निघत होता.

दुपार कलली तेव्हा फोन वाजला. नवरा होता. खाली तो गॅरेजात कामाला, दुपारी कधी फोन करत नसे.

"अगं, बाबा पोचले का?"

"कुठं?"

"कुठं म्हणजे? तुझ्याकडं."

तिनं रिसीव्हर या कानाचा त्या कानाला लावला. "अहो, इथं कशाला येतील ते?"

"तुझा जुना चष्मा घेऊन निघालेत. काल तू बोललीस ना, काडी तुटली, चिकटपट्टी लावून वाचतेय म्हणून. मी कामावर होतो. शेजारच्या काकूंना सांगून गेले सकाळीच, आणि काकू आत्ता मला सांगतायत."

"मी आपलं सहज बोलले हो! आणि पाळणा तर सकाळपासून बंद आहे."

रोपवेला तिथं पाळणा म्हणत. ढग चढायला लागला की तो बंद ठेवत.

"पाळणा बंद असला तर पायऱ्यांनी जाईन म्हणाले. मागच्या सोंडेच्या बंद वाटेकडं फिरकणारसुद्धा नाही, असा काकूंना शब्द दिलाय."

"सकाळी निघाले असतील तर रांगत आले तरी पोचायला हवे होते आता."

पलीकडं काहीतरी खुळखुळलं. मग नवरा म्हणाला, "गोळ्या घरीच राहिल्यात त्यांच्या. डबी माझ्यासमोर आहे."

तिनं खिडकीकडं पाहिलं. खिडकीबाहेर हात लांब केला तर बोटं दिसणार नाहीत असा ढग. अंग भिजवणारा, हाडात शिरणारा. धडधाकट माणसाला या ओल्या गारठ्यात एका जागी बसवत नाही, तिथं स्प्रिंग बसवलेला म्हातारा. आणि संध्याकाळ झाली की पारा असा उतरतो की पाण्याच्या टाकीला बर्फाची साय धरते. अंधार पडायच्या आत ते सापडायला हवेत. नाहीतर शोधायचं ते काय शोधायचं, हा विचार तिनं तिथंच तोडला.

"आम्ही चौघं-पाचजण खालून पायऱ्यांनी चढतो," नवरा म्हणाला. "पण वेळ लागेल गं. या धुक्यात पायरी न् पायरी चाचपत यावं लागेल."

फोन ठेवून ती वळली. हंगामभर वाट बघून आलेल्या ढगात, आता सगळं सोडून चला, असं या बाईला कोणत्या तोंडानं सांगायचं? पण डॉक्टर ऐकत होत्या. त्यांनी जॅकेटात एक हात घातलाही होता.

"ढग राहू दे त्याच्या जागी," त्या म्हणाल्या. "दोर कुठं आहे?"

आचाऱ्यानं बटाटे तसेच टाकले. गुंडाळीचं स्ट्रेचर, कांबळी, थर्मास, शिट्ट्या. नाकवालीनं दारात जाऊन हातभोंगा फिरवला. भोंगा रडला, पण ढगात आवाजाला दिशा राहत नाही. तो चारी बाजूंनी आल्यासारखा वाटतो आणि चुकलेला माणूस आणखी चुकतो. तिनं तो थांबवला आणि कान दिला. काही नाही. पन्हाळीतून ठिबकणारं पाणी तेवढं.

"पायऱ्यांनी उतरतो आम्ही," डॉक्टर बुटाची नाडी बांधत म्हणाल्या. "तिकडून तुमचे मिस्टर चढतायत. मधे कुठंतरी गाठ पडेल."

"बरोबर," नाकवाली म्हणाली. बरोबरच होतं ते. म्हातारा हट्टी होता, पण शब्दाचा पक्का.

आणि पडद्यावर पुन्हा रेघ उडाली.

तिचं बोट खोडायच्या बटणावर गेलं. अगदी टेकलं. मग तिच्या लक्षात आलं, की आचारी तिच्यासमोर उभा राहून कानटोपी ओढतोय, आणि त्याच्या मागं स्वयंपाकघरातली शेगडी थंड आहे.

"डॉक्टर, थांबा."

आता तिनं काटा पाहिला. स्वयंपाकघर होतं पायऱ्यांच्या अंगाला. वारा येत होता बरोबर उलटीकडून, मागच्या सोंडेवरून दरीतली हवा घेऊन चढणारा. तिकडं ना घर, ना झोपडी. डोंगराची ती धार एकेकाळी पहारेकऱ्यांची जवळची वाट होती. दरड कोसळून अर्धी गेली, तेव्हा वर-खाली दोन्ही तोंडांशी आडवी पाटी ठोकून बंद केलेली.

डॉक्टर एका पायात बूट घालूनच लंगडत आल्या आणि पडद्यावर वाकल्या. "जनरेटर?"

"बंद."

"खाली कोळसा पाडणारे असतील."

"असतील. पण तो धूर असा येतो का?"

डॉक्टरांनी रेघेची रुंदी बोटांनी मापली. "नाही. लांबचा धूर वाटेत पसरतो, फुगून येतो. हा जवळचा आहे. खूप जवळचा." त्या सरळ झाल्या. "पण त्यांनी शब्द दिलाय म्हणता."

"दिलाय."

"ताई, पाळणा बंद, आज वर आपण तिघंच, म्हणजे जायला माणसं दोनच. सोंडेवर गेलो आणि ते पायऱ्यांवर पडलेले असले, तर वरून कुणीच नाही त्यांना. खालचे पोचेपर्यंत..." त्यांनी दुसरा बूट उचलला. "तुम्ही सांगाल तसं."

हे मात्र नाकवालीला नको होतं. डॉक्टरांनी सांगितलं असतं तर तिनं मुकाट्यानं ऐकलं असतं. तिच्या डोळ्यांसमोर पायऱ्या आल्या, आणि एका पायरीवर पडलेला म्हातारा. मग सोंड आली, आणि तिथंही तोच.

"सोंडेनं," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "आणि मी येते."

"चिकटपट्टीच्या चष्म्यानं दरडीवरून उतरणार?" आचारी म्हणाला. "मग दोघांना उचलून आणायचं. मी आचारी आहे, हमाल नाही. बसा इथं, आणि पुन्हा धूर आला तर वॉकीटॉकीवर ओरडा."

दार उघडलं, ढगाचा एक लोट आत आला, आणि ते दोघं त्यात विरघळून गेले.

तिनं नवऱ्याला फोन लावला. तो धापा टाकत होता.

"मागं?" तो ओरडलाच. "अगं, बाबा पायऱ्यांनी गेलेत! काकूंना शब्द—"

"धूर मागून येतोय."

"कसला धूर? कुणाचा? तुझ्या त्या यंत्राच्या नादानं माणसं तिकडं धाडलीस? उद्या काही बरंवाईट झालं तर..."

"तुम्ही चढत राहा," ती म्हणाली आणि फोन ठेवला. खुर्ची ओढून ती पडद्यासमोर बसली.

मग खोलीत ती, यंत्रांची घुरघुर आणि ढग. बाहेर जाऊन घसा फोडून हाका माराव्यात असं तिच्या मनात कितीदा आलं, पण इथून उठलं तर रेघ कोण बघणार? डोळ्यांत तेल घालून ती त्या तळाशी झोपलेल्या रेघेकडं बघत राहिली. आयुष्यभर तिनं या रेघेला, बाई उडू नकोस, म्हणून विनवलं होतं. आज तिच्या तोंडात एकच: उड गं, एकदा उड.

रेघ उडाली नाही.

"ताई," वॉकीटॉकीतून डॉक्टरांचा खरखरता आवाज. "पाटी ओलांडली. खाली आलोय. इथं सोंड फुटते. डावीकडं घळ, उजवीकडं दरड. कुठं वळू?"

"थांबा जरा."

"धूर?"

"नाही. काहीच नाही."

काही नाही याचे अर्थ तिला माहीत होते. वारा हलला असेल. आग विझली असेल. किंवा पेटवणाऱ्याचे हात... पुढचं तिनं मनातही उच्चारलं नाही.

"हाका मारल्या, ओ येत नाही," आचाऱ्याचा आवाज आला. त्यात चेष्टा नव्हती, आणि त्यानंच तिला जास्त भीती वाटली.

"ताई, पहिली रेघ आली होती सकाळी," डॉक्टर म्हणाल्या. "ती कुठल्या वाऱ्यावर?"

"ती मी खोडली."

"खोडली म्हणजे झाकलीच ना फक्त? उघडा."

तिनं उघडली. बोटं चुकत होती, चष्मा घसरत होता, दोनदा भलतंच काहीतरी उघडलं. मग ती सुई पुन्हा पडद्यावर उभी राहिली, 'स्वयंपाकघर' असं कपाळावर लिहून. खाली वाऱ्याचा काटा. तिनं दुसरी रेघ शेजारी आणली. दोन्ही वेळा वारा सोंडेच्या डाव्या अंगाकडून. मधे तो उजवीकडं दरडीवर सरकला होता, तेव्हा हवा स्वच्छ.

"डावीकडं," ती म्हणाली. "घळीकडून. दोन्ही वेळा."

"निघालो."

"पण डॉक्टर, मधल्या वेळात त्यांनी पेटवलंच नसेल तर..."

ऐकायला पलीकडं कुणी नव्हतं.

त्यानंतरचा वेळ किती गेला हे तिला पुढं कधीच सांगता आलं नाही. खिडकीतला पांढरा उजेड करडा झाला. एकदा आचारी म्हणाला, "कानटोपी सापडलीय. तपकिरी." तिनं विचारलं, "आणि?" तो म्हणाला, "नुसती टोपी." मग पुन्हा सगळं बंद. ती उभी राहिली. बसली. रेघ सपाट. तिला एकाएकी सासूबाईंची आठवण आली, आणि त्यांना काय सांगायचं याची ती मनात जुळवाजुळव करू लागली, जणू त्या अजून खाली दारात उभ्याच होत्या.

"आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "ताई, आहेत इथं."

"कसे?"

"शिव्या देतायत."

तिनं फोन ओढून नवऱ्याचा नंबर फिरवला.

पण त्यांना वर आणलं तेव्हा शिव्याही संपल्या होत्या. ओठ निळे, डोळे अर्धे मिटलेले, डावा पाय घोट्याखाली नको त्या दिशेला वळलेला. हीटरपाशी गादी ओढली, ओले कपडे कापून काढले, कांबळ्यांत गुंडाळलं. इस्पितळाचे डॉक्टर फोनवर सांगत होते आणि ढगांच्या डॉक्टर तसतसं करत होत्या. केंद्राच्या औषधपेटीतली गोळी जिभेखाली ठेवली. नाकवाली त्यांचा तळहात आपल्या दोन्ही हातांत घेऊन चोळत राहिली. हाताला गोदामातल्या लोखंडाचा गारवा होता, आणि मनगटातली नाडी लागता लागता सुटत होती. आचारी गरम पाण्याच्या बाटल्या भरून कांबळ्याखाली सारत होता.

हळूहळू नाडी हाताशी यायला लागली. मग बोटांनी तिची बोटं धरली.

"चष्मा शाबूत आहे," सासरे पुटपुटले. "सदऱ्याच्या खिशात. काढून घे, नाहीतर हा बल्लवाचार्य चिंध्यांबरोबर फेकून देईल."

"मामंजी, तुम्ही पायऱ्यांनी येणार होतात ना?"

"त्या पायऱ्या मोजल्यायस कधी, माझ्या गुडघ्यांनी? सोंड जवळची." जरा दम खाऊन ते म्हणाले, "पाटी कुणी ठोकलीय तिथं? मूर्ख माणूस."

"तुम्हीच ठोकलीत. नोकरीत असताना."

"मग बरोबर ठोकलीय."

डॉक्टर हसल्या. "आणि पेटवलंत काय आजोबा? सगळं तर भिजलेलं."

"सायकलच्या ट्यूबचे तुकडे. ते भर पावसात पेटतात. जुन्या पहारेकऱ्याच्या खिशात ते असायचेच, आणि काड्यापेटी प्लॅस्टिकमधे." त्यांनी सुनेकडं चोरून पाहिलं. "फाटकावर ठेवणारच होतो."

"यंत्राला कळावं म्हणून पेटवलंत ना?" आचारी म्हणाला. त्याच्या मनात ही गोष्ट वस्तीत कशी सांगायची ते ठरूनही गेलं असावं.

"छे रे. थंडीनं जीव चालला होता म्हणून पेटवलं. यंत्र कुणाच्या डोक्यात?" मग ते छताकडं बघत बोलायला लागले. "पहिल्यांदा पेटवलं तेव्हा वाटेवरच होतो मी. घळीच्या तोंडाशी. पाय मुरगळला होता नुसता. म्हटलं, शेकत बसू, कुणीतरी येईलच. खूप वेळ बसलो. कुणी आलं नाही. मग म्हटलं, सरकत सरकत जाऊ. तिथं पाय सुटला आणि गेलो खाली. मोडला तो तेव्हा."

नाकवालीचा हात चोळता चोळता थांबला.

हे आत्ता सांगायची काही गरज नव्हती. म्हातारा जेमतेम माणसांत येत होता, डॉक्टर मानेनं नको म्हणत होत्या. पण तिला राहवलं नाही.

"मामंजी, ते पहिलं कळलं होतं यंत्राला. मी खोडलं. स्वयंपाकघरातला धूर समजून. काटासुद्धा बघितला नाही."

सासऱ्यांनी मान वळवून तिच्याकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. माया होती असंही नाही. दुखणाऱ्या माणसाचा चेहरा होता तो, आणि त्या दुखण्याला आता एक कारण मिळालं होतं.

"हं," ते म्हणाले. आणि तोंड हीटरकडं फिरवलं.

आचाऱ्यानं चहाचं निमित्त काढून काढता पाय घेतला. डॉक्टर कांबळं सारखं करत राहिल्या. नाकवालीनं हात सोडला नाही. त्यांनीही सोडवून घेतला नाही. मग ते तिकडंच तोंड ठेवून म्हणाले, "साखर घालायला सांग त्याला. माझ्या वाटणीची बंद आहे म्हणून तो मुद्दाम विसरेल."

अंधार पडता पडता बरोबरच्यांना मागं टाकून नवरा येऊन पोचला, नखशिखांत भिजलेला, घसा बसलेला. बापाला बघून तो दारातच खाली बसला. मग बायकोकडं बघून त्यानं नुसती मान हलवली. ती मान हो म्हणत होती की नाही, ते तिला नीटसं कळलं नाही. पाळणा सकाळी उघडला की त्यांना इस्पितळात न्यायचं ठरलं. पाय बांधून झाला. पुन्हा पहिल्यासारखा टेकेल का, ते क्ष-किरण काढल्याशिवाय सांगता येणार नाही, असं फोनवरचे डॉक्टर म्हणाले. सासरे घोरायला लागले.

ढग अजून माथ्यावरच होता. डॉक्टर पडद्यासमोर जाऊन बसल्या आणि आकडे चाळत म्हणाल्या, "ताई, हवा ओली यायला लागलीय आत. खडे संपले वाटतं."

यंत्रात शिरणारी हवा कोरडी करायला काचेच्या नळीत निळे खडे भरलेले असतात. ओल पिऊन ते गुलाबी होतात, आणि मग विजेच्या भट्टीत तापवून पुन्हा निळे करावे लागतात. दिवसभरात नळी बुडापासून गुलाबी झाली होती. नाकवालीनं पंप थांबवला, नळी सोडवली आणि पत्र्याच्या ताटात खडे ओतले. एक घरंगळत टेबलाखाली गेला. ती गुडघ्यांवर वाकली, चाचपून तो उचलला, फुंकर मारून ताटात टाकला. मग ताट भट्टीत सरकवलं, दार लावलं, आणि कोरड्या खड्यांची दुसरी बरणी फडताळातून काढून नळी भरायला घेतली.